शैक्षणिक संस्था आणि दूरस्थ संगणक-नियंत्रण : सॉफ्टवेअरची निवड कशी करावी?

प्रस्तावना

उज्जैनमधील कोणत्याही शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर अडते, लेखनिक इंदूरच्या तंत्रज्ञाला फोन लावतो आणि पलीकडून अडचण काय आहे हे विचारण्याआधीच 'एनीडेस्कचा आयडी सांगा' असे म्हटले जाते. लेखनिक नऊ-दहा आकडे वाचून दाखवतो, पडद्यावर आलेल्या 'ॲक्सेप्ट' या बटणावर क्लिक करतो आणि खुर्ची मागे सरकवून बसतो. माउसचा बाण आपोआप फिरू लागतो. पंधरा मिनिटांत काम होते. पंचावन्न किलोमीटरची फेरी वाचते आणि तंत्रज्ञाची दोन दिवस वाट पाहावी लागत नाही.

ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु त्या पंधरा मिनिटांत त्या संगणकावर आणखी काय काय उघडे होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. शाळेच्या कार्यालयातील संगणकात विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, आधार कार्डाच्या प्रती असतात, पालकांच्या बँक खात्यांचे क्रमांक असतात, शिक्षकांच्या वेतनाची पत्रके असतात. पालकांनी ही माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते. ती आपल्याकडे अमानत म्हणून आहे.

म्हणून दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहत नाही. मुख्याध्यापक, प्राचार्य आणि संस्थाचालक यांनीही तो समजून घेतला पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार तंत्रज्ञ नसलेल्या वाचकांसाठी केला आहे. बाजारातील जाहिराती वेग, सोय आणि किंमत यांविषयी बोलतात. माझ्या मते निवडीचा आरंभ दुसऱ्याच प्रश्नापासून झाला पाहिजे: किल्ली कोणाकडे राहणार?

'रिमोट कंट्रोल सॉफ्टवेअर' म्हणजे ज्याच्या साहाय्याने एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाचा पडदा पाहता येतो आणि त्याचा कळफलक व माउस चालवता येतो, असे सॉफ्टवेअर. मराठीच्या दप्तरी भाषेत 'हजर' आणि 'गैरहजर' हे दोन शब्द अरबी-फारसीतून येऊन चांगलेच रुळले आहेत. गैरहजर राहून हजेरी लावण्याची ही युक्ती आहे, असे म्हटले तर व्याख्या पुरी होते.

वाटचाल

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. 'पीसीएनीव्हेअर' हे सॉफ्टवेअर १९८०च्या दशकातले. तेव्हा टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून एक संगणक दुसऱ्याला जोडला जात असे. पुढे ते सिमँटेक कंपनीकडे आले आणि जगभरच्या कार्यालयांत वापरले गेले. त्याचा शेवट मात्र शिकण्यासारखा आहे. २००६ मध्ये त्याचा मूळ कोड चोरीला गेला होता. ही गोष्ट उघड झाल्यावर जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कंपनीनेच ग्राहकांना ते काही काळ बंद ठेवण्याचा सल्ला दिला. २०१४ मध्ये त्याची विक्री थांबली. त्याच वर्षी जानेवारीत 'लॉगमीइन'ची मोफत सेवाही बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेकांना घाईघाईने दुसरी सोय शोधावी लागली. मोफत मिळणारी सेवा कायम राहीलच, असे गृहीत धरून संस्थेचे काम उभे करू नये.

दुसरी वाट केंब्रिजमधून निघाली. तेथील ओलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत 'व्हीएनसी' ही पद्धत तयार झाली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिच्यामागचा विचार अतिशय साधा आहे. दूरच्या संगणकाने एवढेच सांगायचे की पडद्यावर अमुक जागी ठिपक्यांचा हा चौकोन ठेव. जवळच्या संगणकाने तो तसा ठेवायचा आणि कळ किंवा माउस हलला की ती खबर परत पाठवायची. साध्या विचारामुळेच ही पद्धत कोणत्याही प्रकारच्या संगणकावर चालली. २००२ मध्ये प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा तेथील काही मंडळींनी 'रियलव्हीएनसी' ही कंपनी काढली. 'टाइटव्हीएनसी', 'अल्ट्राव्हीएनसी' ही याच घराण्यातली भावंडे होत.

मायक्रोसॉफ्टचे 'रिमोट डेस्कटॉप' १९९८च्या विंडोज एनटीच्या एका विशेष आवृत्तीतून आले आणि २००१च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमुळे सर्वसामान्य कार्यालयांपर्यंत पोचले. त्यानंतर जर्मनीतील 'टीमव्ह्यूअर' (२००५) आणि 'एनीडेस्क' (२०१४) यांनी आयडी सांगून जोडण्याची पद्धत घरोघरी नेली.

दोन संगणक एकमेकांना कसे सापडतात?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो समजल्याशिवाय निवड करता येत नाही. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जगाला ती पुरत नाही. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्या, विशेषतः मोबाईल कंपन्या, अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. मोठ्या वाड्याला एकच दरवाजा असावा आणि आत अनेक बिऱ्हाडे असावीत, तसे हे आहे. आतला माणूस बाहेर पत्र पाठवू शकतो, पण बाहेरच्या माणसाला आतल्या नेमक्या खोलीची कडी वाजवता येत नाही.

व्हीएनसी किंवा मायक्रोसॉफ्टचे रिमोट डेस्कटॉप थेट कडी वाजवणारे आहेत. ते चालावेत म्हणून पूर्वी राउटरमध्ये एक 'पोर्ट' उघडून ठेवत असत: व्हीएनसीसाठी ५९०० आणि रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९. असा उघडा पोर्ट म्हणजे रस्त्यावर उघडणारी खिडकी. जगभरातील स्वयंचलित प्रोग्रॅम रात्रंदिवस अशा खिडक्या शोधत फिरतात आणि सापडली की पासवर्डमागून पासवर्ड लावून पाहतात. जुन्या व्हीएनसीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जात, हेही लक्षात ठेवावे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचा दोष उघड झाला. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती प्रसिद्ध केली. कोणी 'साहेब, राउटरमध्ये ३३८९ उघडून देतो, घरून काम करा' असे सुचवले, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर आणि त्यांच्यासारखी इतर सॉफ्टवेअर वेगळा मार्ग घेतात. दोन्ही संगणक आपणहून बाहेरच्या एका मध्यस्थ सर्व्हरला हाक देतात. तो जुन्या टेलिफोन एक्सचेंजप्रमाणे आकड्यावरून दोघांची गाठ घालून देतो. थेट जोडणी जमली तर उत्तम, नाहीतर सारी वाहतूक त्याच्यामार्फत होते. म्हणून काही जुळवाजुळव न करता ते लगेच चालते. पण आता आपल्या आणि आपल्या संगणकाच्या मध्ये तिसरा पक्ष आला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले आणि ग्राहक-पोर्टलचे सर्व पासवर्ड रद्द केले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरनेही आपल्या कार्यालयीन यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे सांगितले. ग्राहकांच्या माहितीला धक्का लागला नाही, असे टीमव्ह्यूअरचे म्हणणे होते. या कंपन्या वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. हजारो घरांच्या किल्ल्या जेथे टांगलेल्या असतात, तेथे चोराचे लक्ष अधिक असते, एवढेच.

नस्तालीक, देवनागरी आणि पडद्याचे चित्र

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला या विषयात एक अडचण वारंवार भेटते. इंग्रजी पुस्तिकांत तिचा उल्लेख नसतो, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

आपल्या संस्थांत उर्दूची छपाई अजूनही बहुधा 'इनपेज'वर होते. दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअर कंपनीने ते १९९४ मध्ये आणले. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' अनेक ठिकाणी आहे. या दोहोंच्या अनेक आवृत्त्या 'डोंगल' लावल्याशिवाय चालत नाहीत. डोंगल म्हणजे संगणकाच्या मागे खोचायची ती लहानशी कुलूपवजा वस्तू. ती एकच असते आणि कार्यालयातील एकाच संगणकाला लावलेली असते. आता समजा, नियतकालिकाची पाने उज्जैनमध्ये जुळवली आहेत आणि उर्दूचे मुद्रितशोधन करणारे गृहस्थ बऱ्हाणपूरला राहतात. बऱ्हाणपूर उर्दू आणि मराठी दोन्हींचे गाव, तेथे असा माणूस मिळणे नवल नाही. अंतर मात्र सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक. त्यांना डोंगल पाठवावे तर येथील काम थांबते. पाने पीडीएफ करून पाठवली तर दुरुस्त्या पुन्हा येथे कोणीतरी घालायच्या आणि त्या घालताना नव्या चुका करायच्या. अशा वेळी त्यांनी बऱ्हाणपूरहून उज्जैनचा संगणकच चालवावा, हा सर्वांत सरळ उपाय ठरतो. २०२०च्या टाळेबंदीत अनेक कार्यालयांना हा मार्ग प्रथम सापडला. मात्र सॉफ्टवेअरच्या परवान्यात अशा वापरास मुभा आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

येथे व्हीएनसीचा तो साधा विचार उपयोगी पडतो. पडदा चित्र म्हणूनच येतो. त्यामुळे बऱ्हाणपूरच्या संगणकावर इनपेज नको, नस्तालीकचा फाँट नको, उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोयही नको. पण चित्र म्हणूनच येत असल्यामुळे दुसरा धोका निर्माण होतो. इंटरनेटचा वेग कमी असेल तर सॉफ्टवेअर ते चित्र दाबून लहान करते आणि त्यात बारीक खुणा पुसट होतात. इंग्रजी मजकुरात याने फारसे बिघडत नाही. उर्दूत मात्र बे, पे, ते यांच्यातील फरक केवळ नुक्त्यांचा आहे. नुक्ता पुसट झाला की शब्द बदलतो. मराठीतही अनुस्वार आणि रफार यांची तीच गत. लाल रंगात केलेल्या दुरुस्त्या तर आणखी फिसकटतात, कारण दाबताना रंगाची माहिती प्रथम कमी केली जाते. तेव्हा मुद्रितशोधनासाठी सॉफ्टवेअर निवडताना चित्राचा दर्जा हाताने वाढवण्याची सोय आहे की नाही, हे पाहावे. एनीडेस्कमध्ये 'वेग' आणि 'दर्जा' यांतून निवड करता येते, टीमव्ह्यूअरमध्येही. टाइटव्हीएनसीत तर काहीही न गमावणारी पद्धत निवडता येते, फक्त ती मंद चालते. वाचणाऱ्याने मंदपणा सोसावा.

कळफलकाचाही प्रश्न आहे. काही सॉफ्टवेअर कोणती कळ दाबली एवढेच कळवतात, तर काही कोणते अक्षर उमटले ते पाठवतात. दोन्हीकडे इंग्रजी असेल तर फरक जाणवत नाही. जवळच्या संगणकावर इनस्क्रिप्ट चालू आणि दूरच्या संगणकावर श्रीलिपीचा कळफलक चालू असेल, तर भलतीच अक्षरे उमटतात. जवळच्या संगणकावर इंग्रजी ठेवून भाषा फक्त दूरच्या संगणकावर बदलणे, हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. 'रस्टडेस्क'मध्ये कळा पाठवण्याची रीत निवडता येते, हा त्याचा एक गुण.

परवानगीचा प्रश्न

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या नावाने बँकांना सावध केले होते. फसवणुकीची रीत सोपी होती. बँकेतून बोलतो असे सांगणारा माणूस फोनवर हे ॲप घ्यायला लावायचा, त्यात दिसणारा आकडा मागायचा आणि परवानगीचे बटण दाबायला सांगायचा. मग त्याला त्या मोबाईलवर येणारा ओटीपी आपल्या डोळ्यांनी दिसे. कुलूप तोडले गेले नव्हते, घरमालकानेच दार उघडले होते. ही रीत आजही थांबलेली नाही. निवृत्त शिक्षकांना पेन्शनच्या किंवा हयातीच्या दाखल्याच्या नावाने असा फोन आला, तर तो तेथेच बंद करावा. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

उज्जैनकरांना जवळचे असे आणखी एक उदाहरण आहे. जिवाजी वेधशाळेच्या आवारातील विक्रमादित्य वैदिक घड्याळाचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दूरदृश्य पद्धतीने झाले आणि मार्चमध्येच त्याच्या संगणक-प्रणालीवर सायबर हल्ला झाल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. तो प्रकार रिमोट कंट्रोलचा नव्हे. पण जी वस्तू इंटरनेटला जोडली, ती दूरच्या माणसाच्या हातापासून फार लांब नसते, हे त्यावरून दिसते.

परवानगीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद संस्थेने नीट ओळखला पाहिजे. पहिल्या प्रकारात दर वेळी समोर बसलेला माणूस 'हो' म्हणतो, तेव्हाच जोडणी होते. दुसऱ्या प्रकारात एक कायमचा पासवर्ड ठरवून दिलेला असतो आणि समोर कोणी नसतानाही बाहेरचा माणूस आत येतो. तंत्रज्ञांना दुसरा प्रकार सोयीचा असतो. 'एकदा पासवर्ड टाकून ठेवतो, परत तुम्हाला त्रास नको' असे ते सद्भावनेने म्हणतात. पुढे तो तंत्रज्ञ दुसऱ्या कंपनीत जातो, त्याच्या वहीत मात्र आपला आयडी आणि पासवर्ड राहतो. बाहेरच्या कोणालाही कायमचा पासवर्ड देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याच माणसाला द्यायचा असेल तर त्यासोबत दुसरी खूण असावी. उज्जैन ही १८१०च्या सुमारापर्यंत शिंद्यांची राजधानी होती. त्या काळच्या कागदांवर आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब असे, 'शिक्कामोर्तब' हा जोडशब्द त्यातूनच आला. एका खुणेवर विसंबायचे नाही, हा शहाणपणा जुना आहे. पासवर्डसोबत मोबाईलवर येणारा बदलता आकडा मागणे, हे त्याचेच आजचे रूप.

निवड

तर घ्यावे काय? एकच नाव सर्वांना सांगता येत नाही, कारण कामे वेगवेगळी आहेत.

कधीतरी कोणाची मदत घ्यायची असेल, तर विंडोज १० पासून मिळणारे 'क्विक असिस्ट' पुरते. त्यात तात्पुरता आकडा मिळतो, समोरच्याची संमती लागते आणि खिडकी बंद केली की संबंध संपतो. सॉफ्टवेअर बसवताना येणारी प्रशासकाच्या परवानगीची चौकट त्यात कधी कधी मदत करणाऱ्याला काळी दिसते, तेव्हा समोरच्यानेच 'यस' दाबावे. ठगांनी २०२४ मध्ये याही सोयीचा गैरवापर केला आहे, म्हणून फोन आपण लावला की त्यांनी, हे पाहावे.

आपल्याच कार्यालयातील संगणक घरून वापरायचा असेल तर 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' मोफत आहे आणि गुगलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली की पुरेसे भक्कम आहे. मात्र खाते संस्थेचे असावे, लेखनिकाचे खाजगी नव्हे. मायक्रोसॉफ्टचे रिमोट डेस्कटॉप दर्जाने चांगले, पण विंडोजच्या 'होम' आवृत्तीच्या संगणकात त्यातून प्रवेश करता येत नाही, आणि साध्या विंडोजवर दूरचा माणूस आत आला की समोरचा पडदा कुलूपबंद होतो. म्हणजे दुसऱ्याला दाखवत दाखवत शिकवण्यासाठी ते निरुपयोगी. वापरायचेच तर 'व्हीपीएन'च्या आतून.

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क यांची मोफत आवृत्ती व्यक्तिगत वापरासाठी आहे. शाळा ही व्यक्ती नव्हे. टीमव्ह्यूअरला व्यावसायिक वापराचा संशय आला की ते जोडणी काही मिनिटांत तोडते, आणि मग आपले लोक 'क्रॅक' शोधू लागतात. इतर कोणत्याही सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वाईटच. पण दूरच्या माणसाला आत घेणाऱ्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत बसवणे म्हणजे अनोळखी लोहाराकडून घराची किल्ली पाडून घेणे. परवान्याचे पैसे द्यावेत किंवा ते सॉफ्टवेअर वापरू नये.

तीन-चार शाखा असलेल्या संस्थेने 'रस्टडेस्क'चा विचार जरूर करावा. त्याचा कोड खुला आहे, आणि मध्यस्थ सर्व्हर आपल्याच संगणकावर चालवता येतो. एक लहान प्रोग्रॅम गाठ घालून देतो, दुसरा वाहतूक पुढे नेतो. किल्ली आपल्याच घरात राहते. अट अशी की तो सर्व्हर सांभाळणारा, वेळच्या वेळी अद्ययावत करणारा माणूस संस्थेत हवा. असा माणूस नसेल तर परवाना विकत घेतलेलेच बरे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या सर्वसाधारणपणे मिळत नाहीत. त्यामुळे अशा जुन्या संगणकावर कायमच्या प्रवेशाची सोय ठेवण्याआधी दोनदा विचार करावा.

वीज हाही आपल्याकडचा विषय. दूरचा संगणक बंद असेल तर कोणतेच सॉफ्टवेअर चालत नाही. वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बहुतेक संगणकांच्या 'बायोस'मध्ये असते. ती चालू करून घ्यावी.

२०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने दुसऱ्यांची माहिती जतन करणाऱ्यावर तिच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा कार्यालयात एक साधी वही ठेवावी: कोण जोडले गेले, किती वाजता, कोणत्या कामासाठी, आणि समोर कोण बसले होते. वहीत नसलेल्या नोंदी संगणकात सापडतात. एनीडेस्क बाहेरून झालेल्या जोडण्या 'कनेक्शन ट्रेस' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवते, टीमव्ह्यूअर 'कनेक्शन्स इनकमिंग' या फाइलमध्ये. दोन्ही साध्या नोटपॅडमध्ये उघडतात. महिन्यातून एकदा मुख्य लेखनिकाने ती फाइल आणि वही शेजारी ठेवून तारखा जुळवाव्यात. सुटीच्या दिवशीची किंवा रात्रीची एखादी नोंद फाइलमध्ये असेल आणि वहीत नसेल, तर त्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि तो आयडी कोणाचा आहे, याची चौकशी सुरू करावी.